मालमत्तेचे नुकसान म्हणजे नेमके काय? विमा, भरपाई आणि सरकारी मदत यांतला फरक

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस तुमच्या बँक खात्यातून २० रुपये वजा होतात. मोबाइलवर संदेश येतो आणि घरात सगळ्यांची समजूत होते की आपला विमा उतरलेला आहे. पुढे जोराच्या पावसात घराची भिंत पडते. पासबुक घेऊन बँकेत गेल्यावर उत्तर मिळते की या विम्यात घर येत नाही. फसवणूक झाल्यासारखे वाटते, पण बँकेचे म्हणणे बरोबर असते. ते २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे असतात, आणि ती योजना माणसाच्या अपघाताची आहे, वस्तूच्या नुकसानीची नाही.

आपल्याकडे कोणता विमा आहे, तो कोणत्या नुकसानीला लागू होतो आणि कोणाकडे मागणी करायची, हे संकट येण्याआधी माहीत असलेले बरे. त्यासाठी 'मालमत्तेचे नुकसान' या शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ.

माणसाचा विमा वेगळा, वस्तूचा वेगळा

सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख रुपये मिळतात. ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाख रुपये देते. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरचा विमाही अपघाताचाच आहे. आयुष्मान कार्डावर रुग्णालयातला खर्च होतो. या चारही योजना माणसाच्या शरीराशी आणि जीवाशी जोडलेल्या आहेत. तुमचे घर, दुकान, हातगाडी, शिलाई मशीन, गाय, सायकल यांपैकी काहीही त्यांत येत नाही.

पीक विमा हा तिसरा प्रकार आहे. तो शेतातल्या पिकाचा असतो, आणि कापणीनंतर शेतातच सुकत ठेवलेल्या मालालाही १४ दिवसांपर्यंत संरक्षण देतो. पण घरी आणून ठेवलेले धान्य भिजले तर ते त्यात बसत नाही. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत कळवावे लागते. त्यासाठी कृषी रक्षक मदतवाहिनीचा १४४४७ हा क्रमांक आहे.

राहिली बाकीची मालमत्ता. तिच्या नुकसानीचे पैसे तीनच वाटांनी येऊ शकतात. तुम्ही स्वतः उतरवलेला विमा ही एक वाट. ज्याच्या चुकीमुळे नुकसान झाले त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मिळणारी भरपाई ही दुसरी. आणि आपत्तीच्या वेळी सरकार देते ती मदत. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, रकमा वेगळ्या आहेत, अर्जही वेगळ्या ठिकाणी करायचे असतात.

'मालमत्ता' कशाला म्हणायचे आणि 'नुकसान' कशाला

विम्याच्या भाषेत मालमत्ता म्हणजे फक्त जमीनजुमला नव्हे. हाताने दाखवता येईल, जिची किंमत सांगता येईल आणि जी तुमच्या मालकीची आहे अशी कोणतीही वस्तू मालमत्ता असते. भाजीचा गाडा, त्यावरची भाजी, वजनकाटा, छत्री हे सगळे त्यात आले. जनावरेही कायद्याच्या नजरेत मालमत्ताच आहेत. घरच्या गाईला वस्तू म्हणणे कोणाला आवडणार नाही, पण ट्रकच्या धडकेत ती मेली तर तिची भरपाई याच सदराखाली मागावी लागते.

नुकसान म्हणजे त्या वस्तूला प्रत्यक्ष पोहोचलेली इजा. ती मोडली, जळली, भिजून खराब झाली किंवा नष्ट झाली, तर ते नुकसान. वस्तू धड असताना नुसती तिची बाजारातली किंमत उतरली, तर ते या अर्थाने नुकसान नाही. ते अचानक आणि ठरावीक कारणाने झालेले असावे लागते. वर्षानुवर्षे मुरत गेलेली ओल, वाळवी, गंज, रोजच्या वापराने झालेली झीज हे विमा कंपनी देत नाही. भिंत पावसात पडली, तरी ती आधीपासून पडायलाच आली होती का, हा प्रश्न तपासणीच्या वेळी हमखास विचारला जातो. म्हणून घर चांगल्या स्थितीत असतानाचे चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये असणे फार उपयोगी पडते.

मालकीचा मुद्दाही इथेच येतो. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर भिंत आणि छप्पर घरमालकाचे, आतले सामान तुमचे. छप्पर कोसळून तुमचा टीव्ही फुटला तर छपराचा दावा मालकाचा आणि टीव्हीचा तुमचा.

वस्तू मोडल्यामुळे बुडालेली कमाई हा मात्र वादाचा विषय आहे. गाडा दुरुस्त होईपर्यंत पंधरा दिवस धंदा बंद राहिला, तर तेवढे उत्पन्न बुडाले हे खरे. पण दुकानांसाठीच्या साध्या पॉलिसींमध्ये ते सहसा वगळलेले असते. समोरच्याच्या चुकीने नुकसान झाले असेल तर ते न्यायाधिकरणापुढे मागता येते, पण रोजचे उत्पन्न किती होते याचा पुरावा लागतो. पीएम स्वनिधीचे कर्ज घेतलेल्या आणि क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांकडे हा पुरावा बँकेच्या नोंदींत आपोआप तयार झालेला असतो, हा डिजिटल व्यवहाराचा एक न सांगितला जाणारा फायदा.

दुसऱ्याच्या वाहनाने तुमचे नुकसान केले तर

लाभार्थी कुटुंबांना सर्वांत जास्त उपयोगी पडणारा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा हक्क हाच आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा 'थर्ड पार्टी' विमा असणे बंधनकारक आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा पक्ष. पहिला पक्ष वाहनाचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि त्या वाहनामुळे ज्याचे नुकसान झाले तो तिसरा. म्हणजे तुम्ही. तुम्ही एक रुपयाही हप्ता भरलेला नसला तरी त्या विम्यातून भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. बहुतेकांना वाटते की हा विमा फक्त मृत्यू किंवा जखमांसाठी असतो. तसे नाही, तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचे नुकसानही त्यात येते.

समजा, तुम्ही सुरतेत किंवा इंदूरमध्ये वडापावची गाडी लावता आणि मागे येणाऱ्या टेम्पोने ती उलटवली. गाडीचा सांगाडा वाकला, शेगडी फुटली, तेल आणि माल गेला. टेम्पो किंवा मोटार असेल तर मालमत्तेच्या नुकसानीसाठी विमा कंपनीची जबाबदारी साधारणतः ७.५ लाख रुपयांपर्यंत असते, दुचाकी असेल तर १ लाखापर्यंत. काही वाहनमालक हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून ही मर्यादा फक्त ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. तसे असेल तर वरची रक्कम वाहनमालकाने स्वतः द्यायची असते. तुमचा हक्क कमी होत नाही, फक्त पैसे कोणाकडून यायचे ते बदलते.

यासाठी पहिल्या तासाभरात काय होते याला फार महत्त्व आहे. वाहनाचा क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा. हे सोडू नका, कारण वाहन पळून गेले आणि क्रमांक मिळाला नाही तर मालमत्तेसाठी काहीच हाती लागत नाही. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, मोडलेल्या गाड्यासाठी त्यात तरतूद नाही. फोटोत वाहन, त्याची पाटी आणि तुमची मोडलेली वस्तू एकत्र दिसली तर उत्तम. सामान लगेच गोळा करण्याचा मोह होतो, पण आधी फोटो, मग आवराआवर. शेजारच्या दोन विक्रेत्यांची नावे आणि फोन नंबर घ्या.

मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या. 'कोणाला लागले नाही, मग तक्रार कसली' असे कधी कधी ऐकवले जाते. लेखी तक्रार द्या आणि तिची शिक्का मारलेली प्रत मागा. तक्रारीत मोडलेल्या वस्तूंची यादी अंदाजे किमतींसह लिहा. नंतर आठवलेल्या वस्तू जोडणे अवघड जाते. वाहनमालकाचे नाव आणि विम्याचा तपशील पोलिसांकडून किंवा आरटीओकडून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, आणि अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. परगावी काम करणाऱ्यांसाठी एक चांगली तरतूद आहे. अपघात झाला त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, किंवा तुम्ही राहता वा धंदा करता तिथल्याही. प्रवासात दुसऱ्या राज्यात नुकसान झाले म्हणून तारखांसाठी तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. मात्र मालमत्तेच्या दाव्यात समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते. तुमचा गाडा रस्त्याच्या मध्ये उभा होता असे ठरले तर रक्कम कमी होऊ शकते. विक्री प्रमाणपत्र आणि नेमून दिलेली जागा यांचे कागद म्हणूनच जपून ठेवायचे.

रक्कम कशी ठरते? वस्तू दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा वाजवी खर्च. होत नसेल तर अपघाताच्या आदल्या क्षणी तिची जी किंमत होती ती, नव्या वस्तूची नव्हे. चार वर्षांपूर्वी २० हजारांना घेतलेल्या गाड्याचे पुन्हा २० हजार मिळतील अशी अपेक्षा धरू नका. वापराची घट वजा होते. मोडीत निघालेल्या लोखंडाची किंमतही वजा होऊ शकते, त्यामुळे ते आधीच भंगारवाल्याला देऊन टाकू नका.

पुष्कळदा वाहनमालक जागेवरच दोन-चार हजार देऊ करतो. नुकसान खरोखर तेवढेच असेल तर ते घेऊन मोकळे होणे शहाणपणाचे आहे, कारण छोट्या रकमेसाठी वर्षभर तारखा करणे परवडत नाही. पण नुकसान मोठे असेल आणि तो घाई करत असेल, तर 'आता माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका. उलट बाजूही समजून घ्या: विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करू नये किंवा पैसे देऊ करू नयेत, अशी अट त्याच्या पॉलिसीत असते. तो कंपनीचे नाव सांगून गप्प बसला तर तो टाळतोच आहे असे दर वेळी नसते.

तुम्ही स्वतः वाहनमालक असाल तर

मुद्रा कर्जावर रिक्षा किंवा टेम्पो घेतला असेल तर हीच जबाबदारी तुमच्यावर येते. थर्ड पार्टी पॉलिसी तुमच्या वाहनाने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीची आहे. तुमची रिक्षा मोडली तर त्यासाठी वेगळी, सर्वसमावेशक पॉलिसी लागते. तुमच्या ताब्यात असलेल्या मालाचे नुकसानही तिसऱ्या पक्षाचे धरले जात नाही. पॉलिसी संपलेली असेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड होतो, पण खरा धोका दंडाचा नाही. त्या दिवशी अपघात झाला तर समोरच्याची पूर्ण भरपाई तुमच्या खिशातून जाते.

गॅस सिलिंडरचा स्फोट

उज्ज्वला योजनेच्या जोडणीसह घरगुती गॅसच्या सर्व अधिकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपये, उपचारासाठी एका घटनेत ३० लाख आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ लाख रुपये, तर मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेत कमाल २ लाख रुपये अशी त्याची रचना आहे. दोन लाख ही वरची मर्यादा आहे. नुकसान ४० हजारांचे ठरले तर ४० हजारच मिळतील.

मालमत्तेच्या रकमेला एक अट आहे, आणि ती कामासाठी गाव सोडणाऱ्यांना अडचणीत आणते. नुकसान ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर झालेले असावे लागते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरातल्या बांधकामावर जाताना अनेक कुटुंबे सिलिंडर सोबत नेतात. तिथल्या झोपडीत आग लागली तर मालमत्तेचा दावा या अटीवर अडकतो. दीर्घकाळ दुसरीकडे राहणार असाल तर जोडणी त्या पत्त्यावर हलवून घ्या. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. मुदत संपलेली नळी किंवा आयएसआय चिन्ह नसलेला रेग्युलेटर आढळला तर दावा कमकुवत होतो.

गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो. अपघात झाल्यास वितरकाला लगेच आणि लेखी कळवा. पुढे तेल कंपनी आणि विमा कंपनीला कळवण्याचे काम वितरकाचे आहे, तुम्हाला विमा कंपनी शोधत फिरायचे नाही.

पूर, वादळ, दरड: मदत म्हणजे भरपाई नव्हे

नैसर्गिक आपत्तीत घर पडल्यावर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पैसे मिळतात. ही रक्कम नुकसानीच्या किमतीवर ठरत नाही. तुम्हाला पुन्हा उभे राहता यावे म्हणून ठरवून दिलेले ते साहाय्य आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, तर झोपडीला ८,००० रुपये असे दर आहेत. दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये. काही राज्ये स्वतःची भर घालतात, त्यामुळे तुमच्या राज्याचा आदेश विचारून घ्या.

सगळा खेळ पंचनाम्यावर असतो. 'अंशतः' आणि 'पूर्ण' या एका शब्दाने रक्कम ६,५०० वरून सव्वा लाखाच्या आसपास जाते. महाराष्ट्रात तलाठी, गुजरातेत तलाटी, मध्य प्रदेशात पटवारी, अशी नावे बदलतात, पण काम तेच. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा, काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगा, आणि मग सही करा. जनावर मेले असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवण्याआधी पुरू नका.

तुमच्याकडे घराचा विमा असला तरी मदतीसाठी अर्ज करा, दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. विम्याच्या बाबतीत मात्र एकाच नुकसानीचे पैसे दोन कंपन्यांकडून पूर्ण घेता येत नाहीत. विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, त्यातून नफा करता येत नाही.

घराचा विमा काढायचा असल्यास

आवास योजनेतून घर मिळाले म्हणजे त्याचा विमा आपोआप झाला असे नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. आग, वीज, स्फोट, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल यांत ती चालते. घर राहण्याजोगे नसेल त्या काळातले पर्यायी जागेचे भाडेही तीत आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. फक्त सामानाचा विमाही काढता येतो, तो भाडेकरूंसाठी योग्य. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली रोकड मात्र कोणत्याही परिस्थितीत यात येत नाही. घर कच्चे असेल तर प्रस्तावात तसेच लिहा. एजंटने 'पक्के' लिहून टाकले तर त्याचा त्रास दाव्याच्या दिवशी तुम्हालाच होतो.

दावा अडला तर

विमा कंपनी नुकसान पाहायला सर्वेक्षक पाठवते. त्याचे शुल्क कंपनी देते, तुम्ही नाही. कोणी मागितले तर देऊ नका. दावा नाकारला किंवा रक्कम कापली तर कारण लेखी मागा. आधी त्याच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यानंतर विमा लोकपाल आहे, तिथे वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. पण लोकपालाकडे स्वतःच्या पॉलिसीची तक्रार नेता येते. दुसऱ्याच्या वाहनाच्या विम्यातून मागायची भरपाई न्यायाधिकरणातच जाते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, पूर-भूकंपासारख्या आपत्तीने पीडित आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे.

रक्कम मंजूर झाल्यावर कंपनी एका पावतीवर सही घेते. त्यावर 'पूर्ण व अंतिम' असे शब्द असतात. रक्कम मान्य नसेल तर सही करण्याआधीच हरकत लेखी द्या आणि तिची पोच घ्या.